चौदा नंबरला सांग

संगणक विभागातल्या लॅबताईंना सगळे लॅबताईच म्हणत. प्राचार्य म्हणत, शिपाई म्हणत, पहिल्या वर्षाची मुलं म्हणत. आणि तीच मुलं शिकून, नोकरीला लागून, टक्कल पडल्यावर कधी भेटायला आली तरी तेच म्हणत. पगारपत्रकावर त्यांचं पूर्ण नाव होतं आणि त्यापुढे 'प्रयोगशाळा सहायक' असं छापलेलं होतं, पण ते पत्रक त्यांच्याशिवाय कुणी वाचत नसे.

तीस वर्षं त्यांनी एकाच खोलीत काढली. पंधरा-पंधराच्या चार रांगा, साठ संगणक, दोन पंखे कायम आवाज करणारे, आणि दारापाशी त्यांचं टेबल. कुठल्या यंत्राचा कीबोर्ड अडतो, कुठलं उन्हाळ्यात तापतं, कुठलं दोनदा चालू-बंद केल्याशिवाय डोळे उघडत नाही, हे त्यांना तोंडपाठ होतं. नव्या मुलांना त्या पहिल्याच दिवशी सांगत, "सात नंबरवर बसणाऱ्याने घाई करायची नाही. त्याला घाई चालत नाही." मुलं हसायची, आणि आठवड्याभरात ज्याला त्याला कळायचं की बाई थट्टा करत नव्हत्या.

चौदा नंबरची गोष्ट मात्र वेगळी होती. अकरा वर्षांपूर्वी तो एका सकाळी धूर सोडून जो बंद पडला तो पडलाच. डेड स्टॉक रजिस्टरातून त्याचं नाव कमी करायला तीन सह्या लागत होत्या. दोन झाल्या, तिसरी करणारे साहेब बदलून गेले, नवे आले, त्यांनी पहिल्या दोन सह्या पुन्हा मागितल्या. असं करता करता चौदा नंबर जागच्या जागीच राहिला. लॅबताई रोज साठ यंत्रं पुसत, त्यात त्यालाही पुसत.

तो बंद पडला त्याच आठवड्यात पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. शिकवणारे सर रजेवर, मुलं साठ, आणि लॅबताईंना हात दोनच. जिकडेतिकडे हात वर. एका गप्प गप्प मुलाने तिसऱ्यांदा "ताई, माझं अडलंय" म्हटलं तेव्हा त्यांचा तोल सुटला. "मला नको सांगूस! जा, त्या चौदा नंबरला सांग!" त्यांनी रागाने म्हटलं होतं. पण मुलगा आज्ञाधारक निघाला. तो खरोखरच उठला, बंद यंत्रासमोर बसला आणि हळू आवाजात त्याला सगळं सांगायला लागला. अर्ध्या वाक्यात थांबला, "अरेच्चा" म्हणाला आणि आपल्या जागेवर पळाला. त्याचं सुटलं होतं.

दुसरी असती तर हसून विसरून गेली असती. लॅबताईंनी संध्याकाळी एक वही काढली.

तेव्हापासून त्यांच्या लॅबमध्ये एक शिस्त झाली. हात वर केला की आधी चौदा नंबरपुढे बसायचं आणि मोठ्याने दोन वाक्यं बोलायची. पहिलं, काय व्हायला हवं होतं. दुसरं, काय झालं. कुणी केलं, का केलं, यंत्र कसं नालायक आहे, सर कसे भराभर शिकवतात, हे काही सांगायचं नाही. एवढं करूनही अडलं तर ताईंकडे यायचं. वहीत त्या प्रत्येकापुढे खूण करत: कोण गेला, बोलता बोलता उठला की शेवटपर्यंत बसून राहिला, आणि राहिला तर कुठल्या वाक्यावर अडला. अकरा वर्षांत अशा नऊ वह्या भरल्या.

*

यंदा प्रादेशिक परिषद त्यांच्या कॉलेजकडे आली. भोवतालच्या सगळ्या कॉलेजांमधले संगणक शिकवणारे आणि शिकणारे दर दोन वर्षांनी दोन दिवस एकत्र जमत. दर वेळी वेगळं कॉलेज. विभागप्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, तीन वर्षं खेटे घालून ती ओढून आणली होती. आणली आणि मग त्यांची झोप उडाली. ते दिवसातून चारदा लॅबमध्ये येऊन विचारत, "ताई, एक्स्टेन्शन बोर्ड किती आहेत आपल्याकडे?" आणि उत्तर ऐकायच्या आत निघून जात.

परिषदेचं निवेदन फलकावर लावायचं काम अर्थातच लॅबताईंकडे आलं. नोटीस लावणाऱ्याने ती वाचलीच पाहिजे असा काही नियम नाही. त्यांनी तीन टाचण्या मारल्या आणि चौथी मारताना वाचली. 'संगणक शिकवणाऱ्या व शिकणाऱ्या सर्वांकडून पेपर मागवण्यात येत आहेत.' त्या टाचणी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

संध्याकाळी घरी त्यांनी यजमानांपुढे विषय काढला. यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, घराच्या पुढच्याच खोलीत. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळाच्या पोटात शिरले होते.

"अहो, मी शिकवते का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे लॅबमध्ये. ते शिकवणंच म्हणायचं का?"

"मुलं तुझ्याकडे विचारायला येतात?"

"येतात."

"आणि समजून परत जातात?"

"बरीचशी जातात."

"मग मला काय विचारतेस? मी घड्याळं दुरुस्त करतो," यजमान म्हणाले आणि पुन्हा भिंगात शिरले.

दोन महिने लॅबताई जेवणाच्या सुट्टीत बावीस नंबरवर बसून लिहीत होत्या. नऊ वह्यांमधल्या खुणा एकत्र केल्या तेव्हा निघालं असं की दर दहा मुलांपैकी सहा जण चौदा नंबरपुढून अर्ध्या वाक्यातच उठतात. हे त्यांना ठाऊकच होतं. पण उरलेल्या चौघांच्या खुणा पाहताना त्यांना जे दिसलं ते त्यांनाही नवं होतं. त्यातल्या बहुतेकांचं घोडं पहिल्याच वाक्यावर अडत होतं. काय व्हायला हवं होतं, हेच त्यांना सांगता येत नव्हतं. म्हणजे त्यांचा प्रोग्राम चुकला नव्हता, त्यांना प्रश्नच कळला नव्हता, आणि आपण मात्र इतकी वर्षं त्यांच्या स्क्रीनवर डोकं खुपसून चुका शोधत बसलो होतो. हे लिहिताना लॅबताईंना आपला थोडा राग आला, आणि तोही त्यांनी पेपरात लिहून टाकला.

पेपर पाठवायचा अर्ज भरताना एक अडचण आली. नाव, पत्ता झाला; पुढे 'पदनाम'. तिथे स्वतःचं काही लिहायची सोय नव्हती, चारांतलं एक निवडायचं होतं: अध्यापक, विद्यार्थी, उद्योगक्षेत्र, इतर. त्या 'अध्यापक'पर्यंत गेल्या. बघायला खोलीत कुणी नव्हतं. मग त्या खाली उतरल्या आणि 'इतर' निवडून मोकळ्या झाल्या.

परिषदेत पेपर तपासताना लेखकाचं नाव झाकून ठेवायची पद्धत होती. तपासणाऱ्यासमोर फक्त क्रमांक यायचा. खरं सांगायचं तर नाव झाकलेलं राहणार होतं म्हणूनच त्यांना पाठवायचं धाडस झालं.

तपासणीची शेवटची बैठक मोठ्या सरांच्या केबिनमध्ये होती. प्रोजेक्टरची वायर सैल झाली होती, हात काढला की चित्र जायचं, त्यामुळे लॅबताई ती धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. सदतीस क्रमांकाचा पेपर पडद्यावर आला. मोठ्या सरांनी चष्मा काढून पुसला.

"हा पेपर मी दोनदा वाचला," ते बाकीच्या तिघांना म्हणाले. "हा कुणी तरी मुरलेला शिक्षक आहे. आपल्यापैकी कुणी पहिल्या वर्षाकडे इतकं बारीक बघतं का? या माणसाला परिषदेनंतर आपण व्याख्यानाला बोलावू या."

वायर जराशी हलली आणि चित्र गेलं. "ताई, नीट धरा," मोठे सर म्हणाले. ताईंनी नीट धरली.

दालन दोन, बुधवारी तीन दहा अशा वेळेसकट पेपर स्वीकारल्याचं पत्र संगणकावरून आपोआप आलं तेव्हाही त्या मूग गिळून बसल्या. आपण होऊन सांगायचं म्हणजे मिरवल्यासारखं दिसतं, असं त्यांना वाटे. कार्यक्रमपत्रिकेत नाव येईल, लोक वाचतील, आपोआप कळेल. चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. जाण्याआधी एकदा दारावर आपलं नाव लागणार, एवढीच गोष्ट त्या मनात जपून होत्या.

घरी मात्र तालीम जोरात चालली होती. सादरीकरणाला बारा मिनिटं होती. यजमान दुकानातलं स्टॉपवॉच हातात घेऊन खुर्चीवर बसत आणि लॅबताई कपाटाला सांगत. पहिल्या दिवशी एकोणीस मिनिटं झाली.

"चौथ्या वहीबद्दल जरा कमी बोल," यजमान म्हणाले.

"चौथी वहीच तर महत्त्वाची आहे. प्रश्नच न कळलेली मुलं सगळ्यांत जास्त तिच्यातच आहेत."

"मग पहिलीबद्दल कमी बोल. आणि दर वाक्याआधी 'म्हणजे' म्हणू नकोस, दोन मिनिटं त्यातच जातात."

आठवड्याने ती पंधरावर आली, मग तेरावर, आणि एका रविवारी बरोबर बारावर. यजमानांनी स्टॉपवॉच लॅबताईंच्या डोळ्यांपुढे धरलं. असा आनंद त्यांना जुनं घड्याळ चालू झाल्यावरच व्हायचा.

*

परिषदेला दोन दिवस उरले होते तेव्हा छापखान्यातून कार्यक्रमपत्रिका आल्या. त्या दारोदारी चिकटवायच्या होत्या. लॅबताईंनी गठ्ठा सोडला, वरची प्रत घेतली आणि दुसरं दालन काढलं. अडीचला एक पेपर, दोन पन्नासला एक पेपर, तीन दहाला 'चहा'.

बाकी सगळ्या दालनांना चहा साडेतीनला होता. दोन नंबरच्या दालनाला वीस मिनिटं आधी. त्यांनी पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली, शेवटची नावांची यादी पाहिली. त्या कुठेही नव्हत्या.

कळलं असणार, त्यांच्या मनात आलं. सदतीस नंबर कुणाचा हे कळलं असणार आणि काढून टाकलं असणार. लॅबमध्ये फडकं मारणारी बाई उद्या बाहेरच्या प्राध्यापकांसमोर उभी राहिली तर कॉलेजची काय शोभा? त्यांना राग आला, मग रागाची लाज वाटली, मग दोन्ही गिळून त्यांनी डिंकाची बाटली उचलली आणि सहा दारांवर सहा पत्रिका लावल्या. सातव्या दाराशी हात थांबला.

जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी होती. लॅबताईंनी दार लोटून घेतलं आणि चौदा नंबरसमोर खुर्ची ओढली. अकरा वर्षांत त्या स्वतः तिथे कधी बसल्या नव्हत्या. काळ्या काचेत त्यांचाच चेहरा दिसत होता, जरा फुगलेला. आपण वेड्यासारखं करतोय असं त्यांना वाटलं. मुलांनाही असंच वाटत असेल, हेही पहिल्यांदाच लक्षात आलं.

"काय व्हायला हवं होतं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तीन वाजून दहा मिनिटांनी, दोन नंबरच्या दालनात, माझं नाव यायला हवं होतं."

खोलीत आवाज घुमला. अडलं काहीच नाही. आपल्याला काय हवं होतं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, याचंच त्यांना नवल वाटलं.

"काय झालं. त्यांनी माझं नाव..." इथे त्या थांबल्या. 'त्यांनी' म्हणायचं नाही. कुणी केलं ते सांगायचं नाही, हा त्यांचाच नियम. "नाव आलं नाही. पत्र आलं होतं. नाव आलं नाही. बिल्ला आला, पण..."

बिल्ला! काल दुपारी चारशे बिल्ल्यांना दोऱ्या ओवताना त्यांना आपला सापडला होता. त्यावर 'व्यवस्था' असं छापलेलं होतं आणि मागे जेवणाचं कुपन. वायरमन, दोन ड्रायव्हर, पाण्याचे जार आणणारा, सगळ्यांचे बिल्ले तसेच. आणि त्या सगळ्यांचे अर्ज भरून द्यायला त्याच बसल्या होत्या. पदनामाला प्रत्येकाच्या पुढे एकच पर्याय लागू पडला होता.

लॅबताई अर्ध्या वाक्यातच उठल्या.

*

परिषदेची नोंदणी, पत्रिका, बिल्ले, सगळ्याचा प्रोग्राम धाकट्या सरांनी लिहिला होता. ते विभागातले सर्वांत तरुण अध्यापक. चार लोकांत लॅबताई त्यांना 'सर' म्हणत, एकटे असले की 'अरे', कारण ते त्यांच्याच लॅबमधून शिकून गेले होते.

"अरे, त्या अर्जातल्या 'इतर'चं तू काय केलंस?"

"इतर? ते वायरमन, ड्रायव्हर वगैरे, ताई. त्यांची नावं पत्रिकेत कशाला यायला हवीत? मी ती गाळून टाकली. नुसती कुपनात घेतली." त्यांची बोटं कीबोर्डवर चालूच होती. "का, कुणाचं कुपन राहिलं का?"

"त्यात कुणी पेपरवालं असेल तर?"

"इतरमध्ये पेपर कोण लिहिणार, ताई?"

लॅबताई जागच्या हलल्या नाहीत. धाकट्या सरांची बोटं मंदावली. त्यांनी एक यादी उघडली, खाली सरकवली, सदतीसवर थांबले. मग पेपर उघडला. पहिल्याच परिच्छेदात होतं: 'एका शांत मुलाला मी रागाच्या भरात बंद यंत्रापुढे बसवलं. त्या दिवशी त्याने मला जे शिकवलं ते या पेपरात आहे.'

धाकट्या सरांचे कान लाल झाले.

"ताई, हा मुलगा..."

"मग दुसरा कोण?"

"मला वाटायचं, तुम्ही विसरला असाल." त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. "आणि मी तुमचंच नाव गाळलं! एका ओळीत गाळलं, ताई. मला एकदासुद्धा वाटलं नाही की..." ते ताडकन उठले. "मी आत्ता जाऊन सरांना सांगतो, चूक माझी आहे."

"चूक कुणाची ते नको सांगूस," लॅबताई म्हणाल्या. "काय झालं ते मीच सांगते. तू नुसता बरोबर चल."

मोठे सर खुर्च्यांच्या हिशेबात बुडाले होते. लॅबताईंनी दारातच सांगून टाकलं. "सर, सदतीस नंबरचा पेपर बुधवारी तीन दहाला वाचला जायला हवा होता. तो पत्रिकेत आलेला नाही. तो पेपर माझा आहे."

मोठ्या सरांनी मान वर केली. आपण बैठकीत काय काय बोललो ते त्यांना आठवत असावं, आणि वायर कुणी धरली होती तेही.

"तुमचा," ते म्हणाले.

"हो."

"पण ताई, मग दोन नंबरच्या दालनातला प्रोजेक्टर कोण बघणार?" हे तोंडातून गेलं आणि त्यांनाच ते बरं वाटलं नाही. घाईने म्हणाले, "तसं नाही म्हणायचं मला. पत्रिका छापून झाल्या आहेत ना. आपण असं करू, पेपर परिषदेच्या अंकात छापू, अगदी पहिला. सादरीकरण पुढच्या परिषदेत. मी स्वतः शिफारस करतो."

'राहू दे सर, काही हरकत नाही' हे वाक्य लॅबताईंच्या जिभेवर आलं. तीस वर्षांच्या सवयीचं वाक्य ते. धाकटे सर काही तरी बोलायला गेले, त्यांना लॅबताईंनी हातानेच थांबवलं.

"पुढच्या वेळी मी नसेन, सर," त्या म्हणाल्या. "मला यंदाच बोलायचंय."

मोठ्या सरांनी खुर्च्यांचा कागद बाजूला सारला.

"दोन नंबरचा प्रोजेक्टर मी बघतो," ते म्हणाले. "वायर कशी धरायची तेवढं दाखवून ठेवा."

पत्रिका पुन्हा छापायला वेळ नव्हता. म्हणून लॅबताईंनी चाळीस चिठ्ठ्या कापल्या आणि प्रत्येकीवर पेपरचा क्रमांक, शीर्षक आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं. कॉलेजात त्यांनी हजारो नावं लिहिली होती, मुलांची, सरांची, यंत्रांची. आपलं नाव इतक्यांदा कधी लिहिलं नव्हतं. पहिल्या दहा चिठ्ठ्यांत अक्षर आखडलेलं होतं. मग हात मोकळा झाला. संध्याकाळपर्यंत चाळीस दारांवर 'चहा' या शब्दावर त्यांचं नाव चिकटलं होतं, थोडं तिरकं.

*

बुधवारी सकाळपासून सगळीकडे धांदल होती. चारशे माणसं, आणि त्यातली निम्मी मोबाइल चार्ज करायला जागा शोधणारी. एका पाहुण्या प्राध्यापकांची फाइल उघडेना, एका मुलीच्या पोस्टरचा वरचा अर्धा भाग घरीच राहिला. लॅबताई अडीचपर्यंत धावत होत्या. पावणेतीनला त्यांनी तोंड धुतलं, केस सारखे केले, बिल्ला नीट केला. 'व्यवस्था' शब्दावर धाकट्या सरांनी सकाळीच एक पांढरी पट्टी चिकटवून दिली होती आणि म्हणाले होते, "यावर काय लिहायचं ते तुम्ही ठरवा." पट्टी अजून कोरीच होती.

दोन नंबरचं दालन निम्मं भरलं होतं. शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून यजमान बसले होते, दुकान बंद करून आलेले, मुठीत स्टॉपवॉच. पुढे अध्यक्षस्थानी बाहेरच्या कॉलेजच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका होत्या, नाकाच्या टोकावर चष्मा. आणि प्रोजेक्टरपाशी, बाही वर सारून, विभागप्रमुख.

लॅबताई उभ्या राहिल्या. समोर चेहरेच चेहरे होते. मग त्यांना कपाट आठवलं आणि त्या सुरू झाल्या. एकदा सुरू झाल्यावर फारसं अवघड गेलं नाही. त्या मुलांबद्दल बोलत होत्या, आणि मुलांबद्दल बोलायला त्यांना कधीच शब्द शोधावे लागले नव्हते. चौथ्या वहीवर आल्या तेव्हा पडद्यावर आकडे यायला हवे होते. त्याऐवजी मागचंच पान पुन्हा आलं. मोठ्या सरांनी काही तरी दाबलं, आणखी मागचं आलं. त्यांनी पुन्हा दाबलं, घाम पुसला, आणि काय सुचलं कोण जाणे, सरळ हात वर केला.

तीस वर्षं वर आलेला हात पाहून लॅबताईंच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "काय व्हायला हवं होतं?"

"पुढचं पान यायला हवं होतं," मोठे सर म्हणाले.

"काय झालं?"

"मी पुढचं बटण दाबलं आणि मागचं..." मोठे सर थांबले. हातातला रिमोट त्यांनी निरखून पाहिला आणि उलटा धरलेला सरळ केला. पुढचं पान आलं.

दालनात असा हशा पिकला की शेजारच्या दालनातून दोघे डोकावून गेले. सगळ्यांत मोठ्याने मोठे सरच हसत होते. "घ्या, सहांमध्ये सातवा," ते म्हणाले. पुढचे आकडे मग कुणाला समजावून सांगावे लागले नाहीत.

सादरीकरण संपल्यावर अध्यक्ष बाईंनी प्रश्न विचारला. "बाहेर ही युक्ती जुनी आहे. काही लोक टेबलावर खेळण्यातलं बदक ठेवतात आणि त्याला अडचण सांगतात. तुम्हाला हे माहीत होतं?"

"नव्हतं, मॅडम. आमच्याकडे बदक नव्हतं. बंद पडलेला संगणक होता." लोक पुन्हा हसले. लॅबताई थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पण जी मुलं त्याला सांगू शकली नाहीत, त्यांच्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. बदकवाल्यांनी त्यांचं काय केलं?"

अध्यक्ष बाईंनी चष्मा वर सरकवला. "मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना कुणी मोजलं असेल असं वाटत नाही. तुम्ही मोजलंत." मग त्यांनी समोरचा कागद ओढला. "अहवालात तुमचं पदनाम लिहायचंय. इथे 'इतर' असं दिसतंय. इतर म्हणजे काय लिहू?"

धाकटे सर दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. लॅबताईंचं लक्ष आपल्या बिल्ल्यावरच्या कोऱ्या पट्टीकडे गेलं.

"प्रयोगशाळा सहायक लिहा," त्या म्हणाल्या. बाई लिहीपर्यंत थांबल्या. "आणि जागा असेल तर त्यापुढे लिहा, शिकवते."

अध्यक्ष बाईंनी लिहिलं. कागदावर जागा होती.

चहाला माणसं उठली तेव्हा बरेच जण लॅबताईंभोवती जमले. कुणाला वह्या बघायच्या होत्या, कुणाला चौदा नंबर बघायचा होता. त्यांच्यातून वाट काढत त्या शेवटच्या रांगेपाशी आल्या. यजमान अजून तसेच बसले होते.

"अहो, किती झाली? बारात बसलं की नाही?"

यजमानांनी मूठ उघडली. स्टॉपवॉचचे दोन्ही काटे सरळ वर, शून्यावर उभे होते.

"सुरूच करायला विसरलो गं," ते म्हणाले. "ऐकत बसलो."